तिरुक्कदलीश्वरम्: छ्वानचौ बंदरातल्या मोडलेल्या शिवमंदिराचा माग

परिस्थिती

चीनच्या फूजियान प्रांतातल्या छ्वानचौ शहरात खाइयुआन नावाचे बौद्ध मंदिर आहे, इ.स. ६८६ मध्ये स्थापन झालेले. त्याच्या मुख्य सभागृहाच्या मागच्या पडवीत हिरवट-करड्या दगडाचे दोन खांब उभे आहेत. खांब सोळा पैलूंचे, मधे मधे चौकोनी ठोकळे सोडलेले. ठोकळ्याच्या प्रत्येक बाजूवर एक वर्तुळ कोरले आहे. एका खांबावर बारा, दोन्हींवर मिळून चोवीस. एका वर्तुळात नरसिंह हिरण्यकशिपूला मांडीवर आडवा घेऊन फाडतो आहे. दुसऱ्यात विष्णू गरुडावरून येऊन हत्तीला सोडवतो आहे. आणखी पुढे कालियावर नाचणारा कृष्ण, यमलार्जुनाच्या दोन झाडांमधला कृष्ण, गोपींची वस्त्रे पळवणारा कृष्ण. मराठी वाचकाला यातले काहीच समजावून सांगावे लागत नाही. समजावून सांगावे लागते ते हे, की बुद्धाच्या सभागृहाचा भार हे खांब का पेलत आहेत.

शहरात आणि आसपास असे सुमारे तीनशे हिंदू कोरीव दगड सापडले आहेत. बरेचसे तिथल्या सागरी इतिहास संग्रहालयात आहेत, काही खाइयुआनच्या जोत्यात चिणलेले आहेत, काही खेड्यांतल्या देवळांत गेले आहेत. देऊळ मात्र जागेवर कुठेच नाही. पाया नाही, गाभारा नाही, शिखर नाही. म्हणजे सगळा मामला सुट्या भागांवरून मूळ वस्तू ओळखण्याचा. दगड एका देवळाचे की अनेक देवळांचे? घडवले कुणी आणि कुणाच्या मापाने? मोडून विखुरले कसे? या प्रश्नांकडे जाताना बहुतेक जण आधी मूर्ती पाहतात, कारण त्या ओळखीच्या असतात. आमच्या मते या प्रकरणात मूर्ती सर्वांत शेवटी पाहाव्यात. आधी दगडाची जात, मग सांधे, मग थरांचा छेद (आडवा कापल्यावर दिसेल ती बाह्यरेषा), मग सापडण्याची जागा आणि मग देव. उलट क्रमाने गेलेल्यांनी काय घोळ घातले ते पुढे येईलच.

बंदर आणि तिथले परदेशी

छ्वानचौला अरब आणि इराणी व्यापारी जैतून म्हणत. शहरात पांगाऱ्याची झाडे लावलेली होती आणि पांगाऱ्याच्या चिनी नावावरून हे नाव पडले. १०८७ मध्ये सुंग दरबाराने इथे सागरी व्यापाराची सरकारी कचेरी उघडली आणि त्यानंतर मिरी, चंदन, ऊद, मोती यांची आवक नि रेशीम, चिनी मातीची भांडी यांची जावक या बंदरातून होऊ लागली. मंगोल आले तेव्हा याच व्यापाराचा अधिकारी असलेल्या पू शौगंग या मुस्लिम घराण्यातल्या धनाढ्य माणसाने बाजू बदलली आणि १२७७ पर्यंत शहर त्यांच्याकडे गेले. परदेशी व्यापाऱ्यांची बसलेली घडी मोडली नाही, उलट त्यांना दरबारी आश्रय वाढला. चौदाव्या शतकात मुहम्मद तुघलकाचा वकील म्हणून निघालेला इब्न बतूता इथेच उतरला.

हिंदी माणसांची वस्ती याहून जुनी. बंदराच्या सागरी कचेरीवर काम केलेल्या झाओ रुग्वा या अधिकाऱ्याने १२२५ मध्ये परदेशांची जी माहिती लिहून ठेवली, तिच्यात मलबारकडचे एक बापलेक शहराच्या दक्षिण भागात राहत असल्याची नोंद आहे. त्याच माहितीत असेही आहे की ९८४ ते ९८८ च्या सुमारास समुद्रमार्गे आलेल्या एका हिंदी भिक्षूने परदेशी व्यापाऱ्यांनी दिलेल्या सोन्यामोत्यांतून दक्षिणेकडची मोकळी जागा विकत घेऊन विहार बांधला. ही दुसरी नोंद शिवमंदिराच्या खात्यावर मांडण्याचा मोह होतो. मांडू नये: तो बौद्ध विहार होता आणि आपल्या दगडांच्या तीनशे वर्षे आधीचा.

शके १२०३ चा लेख

प्रकरणाचा खुंटा म्हणजे १९५६ मध्ये सापडलेला एक शिलालेख. मजकूर तमिळ, शेवटी एक ओळ चिनी. हराला वंदन करून तो सांगतो की शक वर्ष १२०३ मध्ये, चित्तिरै महिन्यात चित्रा नक्षत्राच्या दिवशी, संबंधप्पेरुमाळ ऊर्फ तवच्चक्रवर्ती याने चेकचै खानाच्या फर्मानानुसार, खानाच्या शरीरस्वास्थ्यासाठी, उडैयार तिरुक्कदलीश्वरम् उडैय नायनार या देवाची प्रतिष्ठापना केली.

यातली प्रत्येक गोष्ट कामाची आहे. शके १२०३ म्हणजे इ.स. १२८१, देवगिरीवर रामचंद्रदेव यादवाचे राज्य होते तो काळ. तारीख काढताना एक चूक सहज होते. तमिळ चित्तिरै हा सौर महिना, मेष संक्रांतीपासून सुरू होणारा. आपला चांद्र चैत्र धरून हिशोब केला तर दिवस चुकतो. चित्रा नक्षत्राचा दिवस या महिन्यात पौर्णिमेच्या आगेमागे पडतो, तेव्हा एप्रिलच्या सुमाराचा दिवस निघतो.

चीनमध्ये त्या साली कुब्लाई खान राज्य करत होता, तेव्हा लेखातला खान बहुधा तोच. देऊळ बांधायला सरकारी परवाना होता आणि पुण्य खानाच्या नावे जमा केले होते. हीच रीत तिथल्या इतर परधर्मीयांचीही होती: राज्यकर्त्यासाठी प्रार्थना करायची आणि त्या बदल्यात जागा, सूट, कधी तनखा मिळवायचा. शहराचा कॅथॉलिक बिशप, पेरुजियाचा आंद्रेआ, याने जानेवारी १३२६ च्या पत्रात आपल्याला बादशाही तनखा मिळतो आणि त्यातून शहराबाहेरच्या राईत आपण चर्च बांधले, असे स्पष्ट लिहिले आहे.

वेळही पाहण्यासारखी आहे. १२८१ च्याच सुरुवातीला कुब्लाईचा वकील यांग तिंगबी छ्वानचौहून कोल्लमला जायला निघाला आणि वारा न मिळाल्याने त्याला माबारला, म्हणजे तमिळ किनाऱ्याला उतरावे लागले. मंगोल दरबाराला दक्षिण हिंदुस्थानातल्या बंदरांशी संबंध हवे होते आणि तमिळ व्यापाऱ्यांना चीनमध्ये पाय रोवायचे होते. फर्मान सहज निघाले असणार.

व्यापाऱ्यांनी परक्या बंदरात देऊळ बांधणे ही नवलाई नव्हती. सुमात्रात बरूस इथे १०८८ चा तमिळ व्यापारी श्रेणीचा लेख आहे. ब्रह्मदेशात पगान इथल्या विष्णुमंदिराला मलबारच्या व्यापाऱ्याने दिलेल्या देणगीचा तेराव्या शतकातला लेख आहे. नागपट्टिणमला याउलट चिनी लोकांचे बांधकाम होते, १२६७ चा चिनी लेख असलेला मनोरा. तो १८६७ मध्ये पाडला गेला.

दगडाची जात

छ्वानचौच्या परिसरात दोन दगड मुबलक: पांढुरका ग्रॅनाइट आणि हिरवट-करडा डायबेस. खाइयुआनचे दोन खांब आणि बहुतांश हिंदू नक्षी डायबेसमध्ये आहे. हा आपल्या दख्खनच्या काळ्या दगडाच्या घराण्यातला. रासायनिक घडण जवळपास तीच, पण लाव्हा पृष्ठभागावर न येता जमिनीखालच्या भेगांत सावकाश थंड झालेला, म्हणून कणी किंचित जाड. कामाच्या दृष्टीने फरक असा: ग्रॅनाइटमध्ये गारेचे मोठे कण असतात, बारीक टाकी चालवली की कण अख्खाच उडतो आणि बोटाच्या पेराएवढ्या चेहऱ्यावरचे नाक जाते. त्यामुळे ग्रॅनाइटवर अक्षर मोठे आणि खोल, आकृती ठसठशीत ठेवावी लागते. डायबेसमध्ये दागिन्याचा मणी, साडीची चुणी, वेलीची शीर निघते आणि घासून झिलई देता येते. हातभर वर्तुळात गजेंद्रमोक्ष बसवायचा तर दगड हाच हवा.

यातून एक गोष्ट पक्की होते. दगड स्थानिक आहे, म्हणजे कोरीव भाग तमिळ देशातून जहाजात भरून आणलेले नाहीत. हात कुणाचे होते? शहरात तयारीचे पाथरवट होतेच. खाइयुआनच्या आवारातले दोन दगडी मनोरे याच शतकातले, पश्चिमेचा १२२८ ते १२३७ आणि पूर्वेचा १२३८ ते १२५० या काळात बांधलेला. पूर्वेचा ४८ मीटरच्या आसपास उंच, पश्चिमेचा त्याहून थोडा बुटका. दोन्ही अंगोपांग मूर्तींनी मढवलेले. ही पिढी नि तिचे चेले १२८१ मध्ये कामाला होते. पण हातांपेक्षा मापे कुणाची हा प्रश्न मोठा आहे.

खांब आणि जोते

तमिळ देवळाचा खांब म्हणजे चौकोन आणि बहुपैलू यांची आळीपाळी: खाली चौकोनी ठोकळा, मग आठ किंवा सोळा पैलूंचा दांडा, पुन्हा ठोकळा, पुन्हा दांडा, पुन्हा ठोकळा. तीन ठोकळे, प्रत्येकाच्या चार बाजू. खाइयुआनच्या खांबांवर बारा वर्तुळे येतात ती याच हिशोबाने. चिनी लाकडी वास्तूतला खांब असा नसतो. तो गोल, दगडी उखळीवर उभा आणि वर लाकडी हातांचे झुपके पेलणारा. इथे तमिळ खांबाला चिनी छप्पर पेलायला लावले आहे. दगडी तुळई आणि दगडी फरशांचे छत पेलायला घडवलेला खांब लाकडी छताखाली दिसला, की तो दुसरीकडून आणलेला आहे हे देव न पाहताही कळते.

दुसरा पुरावा सभागृहाच्या समोरच्या ओट्यात आहे. ओट्याच्या जोत्यात सिंह आणि मानवी तोंडाचे सिंह कोरलेल्या सत्तरहून जास्त पट्ट्या बसवल्या आहेत. पर्यटकांना इथे हमखास ‘इजिप्तचा स्फिंक्स’ सांगितला जातो. नाईल नदीपर्यंत जायचे काही कारण नाही. दक्षिणेतल्या देवळांच्या जोत्यात, कंठाच्या म्हणजे आत घेतलेल्या थरात, बुटक्या अर्धस्तंभांच्या मधल्या चौकटींत सिंह, व्याळ (सिंहासारखा काल्पनिक पशू) आणि पुरुषमृग (मानवी तोंडाचा पशू) बसवतात. छ्वानचौच्या पट्ट्या त्याच थरातल्या आहेत. मूळ देवळाच्या जोत्याचा तो एक अख्खा पट्टा उचलून बौद्ध ओट्याला लावला गेला.

संग्रहालयातल्या तुकड्यांत देवकोष्ठांच्या (भिंतीतल्या देवांच्या कोनाड्यांच्या) चौकटी, अर्धस्तंभ, कीर्तिमुखाच्या कमानी, खांबांची शीर्षे आहेत. ती एकेकटी पाहिली तर शोभेचे दगड वाटतात. थरांत लावली की द्राविड देवळाचा छेद उभा राहतो: उपान (तळाची पट्टी), जगती (तिच्यावरचा उभा थर), कुमुद (गोलाईचा थर), कंठ, मग भिंत, भिंतीत कोष्ठ, वर कपोत (बाहेर आलेली गोलसर वळचण). या थरांची जाडी आणि गोलाई मनाने ठरवता येत नाही. दक्षिणेत खांबाची जाडी हे मूळ माप धरून बाकीचे भाग त्याच्या पटीत बसवतात. कुमुदाची गोलाई चुकली की वरचा थर बसत नाही, आणि कोष्ठाच्या अर्धस्तंभाची उंची चुकली की कपोताची ओळ तुटते. छ्वानचौचे भाग या व्याकरणाला धरून आहेत. ऐकीव वर्णनावरून चिनी पाथरवटाने हे साधले असेल, हे आम्हाला पटत नाही. तमिळ देशातला एखादा स्थपती किंवा निदान त्याने आखून दिलेली मापे आणि साचे कामावर हजर असले पाहिजेत.

कथाचित्रांत मात्र लगाम सैल झालेला दिसतो. कृष्ण आणि नरसिंह जिथे आहेत, त्याच खांबांच्या इतर वर्तुळांत चेंडू खेळणारे सिंह आणि शेंदरी-गुलाबी रंगासाठी चीनमध्ये लाडकी असलेली पिओनीची फुले येतात. ती स्थानिक पाथरवटाच्या हातातली रोजची नक्षी. देवांच्या वस्त्रांच्या चुण्या, ढगांची वळणे, झाडांची पाने यांवरही चिनी हात कळतो. कारण साधे आहे. खांबाचा छेद चुकला तर इमारत चुकते. वर्तुळातले फूल बदलले तर कुणाचे काही अडत नाही. देखरेख जिथे लागते तिथे केली गेली, बाकीचे कारागिरावर सोडले.

संग्रहालयातली एक पट्टी जवळून पाहण्याजोगी आहे. मध्ये शिवलिंग, त्यावर झाडाची सावली, बाजूला हत्ती. हत्तीने सोंडेत कमळ धरले आहे आणि तो ते लिंगाला वाहतो आहे. दुसऱ्या पट्टीत गाय लिंगावर दूध सोडते आहे. गाय आपोआप पान्हा सोडते आणि मग खाली पिंडी सापडते, ही कथा महाराष्ट्रातल्या निम्म्या गावांना आपलीच वाटेल, पण इथे हत्तीची जोड महत्त्वाची. हत्तीने पूजलेले जांभळीच्या झाडाखालचे लिंग ही कावेरीकाठच्या तिरुवानैक्कावलची स्थळकथा आहे. साधा ‘शिव’ दाखवायचा असता तर नटराज किंवा वृषारूढ पुरला असता. इथे विशिष्ट मुलखातल्या माणसांनी आपल्या ओळखीच्या क्षेत्राची कथा मागून घेतलेली दिसते.

एक देऊळ की अनेक?

खांबांवर विष्णू आणि कृष्ण भरपूर आहेत, शिवाय विष्णूची उभी स्वतंत्र मूर्तीही शहरात सापडली. म्हणून विष्णूचे वेगळे देऊळ असलेच पाहिजे, असा निष्कर्ष घाईने काढला जातो. चोळकालीन शिवमंदिरांच्या खांबांवर आणि जोत्यांवर कृष्णकथा सर्रास असतात आणि पश्चिमेच्या कोष्ठात लिंगोद्भव (लिंगातून प्रकटणारा शिव) नसेल तर विष्णू उभा असतो. तेव्हा विषयावरून देऊळ वेगळे ठरत नाही. ठरते ते मापावरून. अर्धस्तंभांच्या दोन ठळक वेगळ्या जाड्या निघाल्या, किंवा एकाच थराचे दोन वेगळे छेद निघाले, तर दोन वास्तू किंवा एकाच आवारातली मुख्य आणि उपमंदिरे मानायला आधार मिळतो. दगड मोजताना म्हणून उंची-रुंदी एवढ्यावर थांबू नये. छेदाचा कागदी साचा काढून तो दुसऱ्या तुकड्यावर ठेवून पाहावा.

शेजारच्या धर्मांची कामे

त्याच शहरात, त्याच दगडात, बहुधा त्याच कारखान्यांत इतर धर्मांची कामेही चालू होती. त्यांच्याशी ताडून पाहिले की शिवमंदिराचे वेगळेपण नीट कळते.

पूर्वेकडच्या ख्रिस्ती पंथाच्या, म्हणजे ज्याला सर्रास नेस्टोरियन म्हणतात त्याच्या, थडग्यांच्या दगडांवर कमळ, कमळावर क्रूस आणि दोन्ही बाजूंना उडणारे देवदूत असतात. देवदूतांचा उडणारा शेला आणि अंगाची झोकदार कमान थेट बौद्ध अप्सरांची आहे. त्यात पंख जोडले आहेत, कुठे दोन, एका दगडावर तर चार. लेख सीरियाक लिपीत पण भाषा तुर्की, काही मंगोल दरबाराच्या फाग्स्पा लिपीत, काही चिनीत. १३१३ च्या एका द्विभाषिक थडग्यावर मार शलीमून या बिशपचे नाव आहे आणि तो जियांगनान प्रदेशातल्या, म्हणजे यांगत्से नदीच्या दक्षिणेकडच्या, ख्रिस्ती आणि मानी (मानी या इराणी धर्मसंस्थापकाचा पंथ) या दोन्ही पंथीयांचा प्रमुख म्हणून नोंदला आहे. दरबाराच्या दृष्टीने दोन्ही एकाच खात्यात. मघा उल्लेख आलेल्या आंद्रेआचे १३३२ चे थडगेही सापडले. लेख लॅटिन, वर उडणाऱ्या दोन आकृती मात्र त्याच स्थानिक पठडीतल्या.

मुस्लिम थडग्यांत वरचा टोकदार कमानीचा दगड आणि अरबी लेख काटेकोर, नावापुढे शिराझी, इस्फहानी, तबरीझी अशी गावे. पण थडग्याचा पायथा चिनी पद्धतीच्या कमळपाकळ्यांचा आणि ढगांचा. अश्हाब मशिदीचा दरवाजा याला अपवाद म्हणावा असा. हिजरी ४०० म्हणजे १००९-१० मध्ये उभारलेल्या आणि हिजरी ७१० म्हणजे १३१०-११ मध्ये शिराझच्या अहमद बिन मुहम्मद अल-कुद्सीने दुरुस्त केलेल्या या मशिदीला एकात एक बसवलेल्या टोकदार कमानींचे उंच प्रवेशद्वार आहे आणि ते पश्चिम आशियाई वळण सोडत नाही.

शहराबाहेर त्साओआन इथे मानीची १३३९ ची मूर्ती आहे, १.५२ मीटर उंच. कड्यातच कोरलेली, चेहरा, हात आणि अंग यांच्या दगडाचे रंग वेगवेगळे, खांद्यावर मोकळे केस, दाढीचे दोन पदर, मागे किरणांचे वलय. भाविक चिनी, पंथ मूळचा इराणी आणि देवाचे नाव ‘प्रकाशाचा बुद्ध’ अशा अर्थाचे.

फरक असा दिसतो. थडगे ही एका कुटुंबाने एकदा द्यायची ऑर्डर. पाथरवटाकडे तयार साचा असतो. गिऱ्हाईक क्रूस किंवा आयत सांगतो आणि मजकुराचा कागद देतो, बाकी चौकट दुकानाची. म्हणून तिथे गाभा परका आणि चौकट चिनी. मशीद आणि शिवमंदिर यांत उलटे झाले: इमारतीचे व्याकरण परदेशी राहिले आणि चिनीपणा भरणीच्या नक्षीत शिरला. धर्म कोणता यापेक्षा वस्तू कोणती, यावर परकेपणाचे प्रमाण ठरले.

ओळखताना होणारे घोळ

शहराच्या पश्चिमेला दगडी कोंबासारखा एक स्तंभ आहे, ग्रॅनाइटचे भाग एकावर एक रचलेला. त्याला शिवलिंग म्हणून आपल्या देवळाशी जोडण्याची हौस अनेकांना आहे. पण १०११ मध्ये तिथल्या अधिकाऱ्याने तो फोडल्याची नोंद आहे. १२८१ च्या देवळाशी त्याचे नाते लागत नाही, आणि तमिळ लिंग असे तुकडे रचून करत नाहीत.

खाइयुआनच्या पश्चिम मनोऱ्यावर खड्गधारी वानर आहे. त्याला हनुमान ठरवून कुणी तमिळ कारागिरांच्या खात्यावर टाकते. कुठून आलेली कल्पना आहे यावर वाद घालावा, पण मनोरा १२३७ मध्ये पुरा झालेला आणि बौद्ध आहे. त्याचा दगड शिवमंदिराच्या यादीत धरता येत नाही.

छिदियेन गावातल्या शिंगजी मंडपात चतुर्भुज देवीची हिंदू पट्टी आहे, पायाखाली असुर, दोन्ही बाजूंना सेविका. गावकरी तिची ग्वानयिन, म्हणजे करुणेची बौद्ध देवी, म्हणून पूजा करतात. हा घोळ म्हणू नये; पूजा चालू आहे हे तिचे आजचे वास्तव आहे. फक्त नोंद करताना मूळ ओळख आणि चालू ओळख दोन वेगळ्या रकान्यांत लिहाव्यात आणि दगड ‘परत’ संग्रहालयात नेण्याची भाषा करू नये. धूप आणि तेलाच्या काजळीखाली नक्षी झाकते हे खरे, पण छताखाली असल्याने पाऊसपाण्यापासून ती वाचलीही आहे.

मोडतोड आणि विखुरणे

१३५७ ते १३६६ या काळात छ्वानचौमध्ये इराणी सैनिकांचे बंड झाले आणि त्याचा शेवट परदेशीयांच्या कत्तलीत झाला. १३६८ मध्ये मिंग राजवट आली. व्यापारी गेले, देवळाचा पोशिंदा उरला नाही. घडीव दगड मात्र फुकट मिळणारा माल होता. खाइयुआनचे सभागृह १३५७ मध्ये जळाले आणि १३८९ मध्ये पुन्हा बांधले गेले. नंतरही मिंग काळात त्याच्या मोठ्या दुरुस्त्या झाल्या, त्यातली १६३७ ची झेंग झिलोंग या समुद्री सरदाराच्या पैशाने. या कामांत तमिळ खांब आणि जोत्याच्या पट्ट्या आत आल्या. उरलेले दगड, थडग्यांसकट, शहराच्या तटबंदीत भरणीला गेले. सपाट बाजू बाहेर, नक्षी आत, वर चुना. काहींची सांध्याची खुंटी तोडली, काहींचे काठ तासले, कारण तटाला सरळ ठोकळा लागतो. आज सांधा जुळवताना जो भाग हवा असतो तोच नेमका गेलेला असतो.

विसाव्या शतकात, १९२० च्या दशकापासून, रस्त्यांसाठी आणि नंतर जपानशी युद्धाच्या काळात तट पाडला गेला आणि दगड बाहेर आले. तिथल्या वू वेनलियांग (१९०३–१९६९) या शिक्षकाने पाथरवटांकडून, ते दगड पुन्हा तासले जाण्याआधी, स्वतःच्या पगारातून विकत घ्यायला सुरुवात केली. १९५७ मध्ये त्याने छ्वानचौच्या धार्मिक शिलांचा संग्रह छापला आणि दगड सरकारला दिले. १९५९ मध्ये सागरी इतिहास संग्रहालय स्थापन झाले. २०२१ मध्ये युनेस्कोने छ्वानचौतली २२ स्थळे जागतिक वारसा यादीत घेतली.

नवा दगड निघाला तर

रस्त्याच्या किंवा गटाराच्या कामात अजूनही तुकडा निघू शकतो. त्या वेळी पहिली गोष्ट म्हणजे चुना घाईने खरवडू नये. चुन्याची जाडी आणि कोणत्या बाजूला तो आहे यावरून दगड तटात कसा बसला होता ते कळते. मग दगडाची जात, खुंटी किंवा खोबण कुठे आहे, छेदाचा साचा, पैलूंची संख्या. बहुपैलू दांड्याचा तुकडा असेल तर एका पैलूची रुंदी मोजून पूर्ण व्यास काढावा आणि खाइयुआनच्या खांबांशी ताडावा. जोत्याची पट्टी असेल तर अर्धस्तंभ डाव्या काठाला आहे की उजव्या, हे पाहून शेजारची पट्टी शोधावी. कोपऱ्याचा दगड असेल तर दोन बाजू कोरलेल्या असतात; असे कोपरे किती निघतात यावरून जोते किती वेळा वळत होते, म्हणजे आराखड्याचा आकार, कळू लागतो. हे सगळे लिहून झाल्यावर मूर्तीकडे वळावे आणि देवाचे नाव नोंदवहीच्या शेवटच्या रकान्यात टाकावे.